भवानीबाईच्या नवऱ्याला जामीन कोण?

गणोजी धारेहून देवासला आला तो एक ट्रंक, एक घोंगडं आणि भरघोस मिशा घेऊन. संवत छप्पनचा मोठा दुष्काळ सरून दोनच वर्षं झाली होती. धारच्या पागेतली घोडी कमी झाली आणि वीस वर्षं त्यांना खरारा करणारा हा गडी मोकळा झाला. बायको भवानीबाई देवासलाच होती. ती सुईण. तीन वर्षांपूर्वी आजारी आईला बघायला म्हणून माहेरी आली. आई गेली, पण गल्लीतल्या बायका हिला सोडीनात. तेव्हापासून नवरा तिकडे, बायको इकडे, आणि भेट दसऱ्याला नि संक्रांतीला. गणोजीला या संसाराचा मनापासून वीट आला होता. "भिया, आता मरेन तो बायकोच्या हातची भाकरी खाऊनच," असं त्याने वाटेत गाडीवानाला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा गाडीवानाने नुसती बैलाची शेपटी पिळली.

पण नुसतं येऊन भागतंय थोडंच! दुष्काळात अन्नछत्रावर बाहेरच्यांची रीघ लागली होती, म्हणून देवास दरबारच्या कचेरीने नियम काढला होता. परराज्यातला नवरा किंवा बायको कायमची राहायला आणायची, तर आणणाऱ्याने त्याला वर्षभर पोसायची ऐपत दाखवायची. पगाराचा दाखला द्या. तो नसेल तर कारकून येऊन घर पाहील. तेही नको तर गावातली पाच घरं जामीन आणा. आठ दिवसांत यातलं एकही जमलं नाही तर गणोजीने चालू लागायचं. धारच्याही पलीकडे, मनावर गावच्या नाक्यावर चौकीदारी मिळत होती. म्हणजे पुन्हा दसरा नि संक्रांत, आणि वाट आणखी लांबची.

आता सुईणीला कसला आलाय पगाराचा दाखला! तिची कमाई म्हणजे एखादा खण, नारळ, पायलीभर गहू.

"मग जामीन आण की," गणोजी म्हणाला. "गल्लीतली अर्धी पोरं तुझ्याच हातावर जन्मली."

भवानीबाई उसळलीच. "मी कुणाच्या दारात तोंड वेंगाडणार नाही. बाळंतपणं केली ती वसुलीसाठी नव्हे! येऊ दे कारकून. आहे ते घर बघेल."

आहे ते घर म्हणजे दोन तपेल्या, एक तवा आणि डाग दिलेली घागर. ते बघून कोणता कारकून म्हणणार होता, की इथे एवढा मोठा मिशीवाला वर्षभर जेवेल?

कारकून यायच्या दिवशी पहाटेच भवानीबाईला बोलावणं आलं. एक बाई अडली होती. बायको गल्लीच्या टोकाला वळली मात्र, गणोजीने फेटा बांधला आणि तो घरोघर फिरला. "मी भवानीबाईचा मालक. एका दिवसासाठी चार भांडी हवी होती." बस, एवढंच. कशाला, कधी परत देणार, कुण्णी विचारलं नाही. जमुनाबाईने परात दिली, कुणी कळशी दिली, कुणी गंगाळ. कोपऱ्यावरच्या घरात माई म्हणून एक म्हातारी होती. तिने तर माळ्यावरून तांब्याचा मोठा हंडा काढायला लावला आणि वर दोन लाडू हातावर ठेवले. गणोजीने सगळी भांडी चिंचेने घासली, उतरंड लावली, मागे उभा राहून मिशीला पीळ दिला. खोली नुसती झगझगत होती.

जयसिंगराव कारकून दुपारी आले. बारीक चणीचे, नाकावर चष्मा, बगलेत कागद.

"संसार बराच दिसतोय हो!"

"देवाची कृपा!" गणोजी म्हणाला. "सगळं बायकोचंच."

जयसिंगरावांनी परात उचलून उजेडाला धरली आणि कचेरीतल्या आवाजात वाचलं, "सौ. जमुनाबाई." मग कळशी फिरवली. "सौ. पार्वती." मग गंगाळ. "सौ. यमुनाबाई. गणोजी, तुम्हाला बायका किती?"

गणोजीच्या तोंडचं पाणी पळालं. हाय रे कर्मा! घासताना त्याला ती अक्षरं दिसली होती, पण आयुष्यात शाळेची पायरी न चढलेल्या माणसाला ती नक्षी वाटली. किती छान नक्षी म्हणून त्याने सगळ्यांची तोंडं पुढे करून ठेवली होती!

"आणि हा हंडा कुणाचा?" कारकून वाकले. "चिरंजीव जयसिंग याच्या बारशाची भेट, मामाकडून..."

ते थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. हंड्यावर त्यांचंच नाव होतं. गणोजीला वाटलं, झालं, आता हा शिपाई बोलावतो.

तेवढ्यात भवानीबाई दारात आली. केस विसकटलेले, डोळे तांबारलेले, पण चेहरा हसरा. पलीकडे मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. तिने घर पाहिलं आणि हसू मावळलं.

"ही माझी नाहीत, रावसाहेब," ती म्हणाली. "माझ्या त्या दोन तपेल्या. खोटं दाखवून मला नवरा नको." असं म्हणताना मात्र तिचा आवाज फुटला. तीन वर्षांत ती कुणासमोर रडली नव्हती.

"खोटं काय त्यात? प्रत्येकावर मालकिणीचं नाव आहे," जयसिंगराव म्हणाले. "गणोजी, ही भांडी कशी आणलीत? खरं सांगा."

"मागितली. भवानीबाईचा मालक म्हणालो. त्यांनी दिली."

"परवा आलेल्या माणसाला? तांब्याचा हंडा?" कारकून खाली बसले आणि कागद मांडीवर घेतला. "मग जामीन म्हणजे आणखी काय असतं हो? जा, या घरांतून विचारून या. सही नाही तर अंगठा."

विचारायला जावंच लागलं नाही. दाराशी बायका कधीच्या जमल्या होत्या. चार घरं उभ्या उभ्या झाली. पाचवं घर माझंच, पण मी जामीन कसा होऊ, मीच तपासायला आलेला, असं जयसिंगराव म्हणत होते, तोच त्यांची आई, कोपऱ्यावरची माई, काठी टेकत आत आली.

"तू कारकून कचेरीत. घर माझं आहे, हंडा माझ्या भावाने दिला, आणि गेल्या चैत्रात माझी सून या पोरीने वाचवली. आण तो कागद!" तिने अंगठा असा दाबला की शाई पलीकडच्या बाजूला उमटली.

सगळी गेल्यावर गणोजी म्हणाला, "बघ! एका शब्दावर दिलं त्यांनी. तीन वर्षांपूर्वीच मागितलं असतंस तर मी तेव्हाच इथे असतो. का नाही मागितलंस?"

भवानीबाई चुलीपुढे बसली होती. पिठाचा गोळा तिने तळहातावर घेतला.

"आणि नाही म्हणाल्या असत्या तर?" ती म्हणाली. "मग दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात कुठल्या तोंडाने गेले असते मी?"

 गणोजी तिच्या शेजारी पाट ओढून बसला, आणि तिने पहिली भाकरी तव्यावर टाकली.