ताइतातला कोरा कागद

गुरुवार उजाडला की साखऱ्याच्या शिवारात जिपांची रांग लागायची. गोरेगावहून, सेनगावहून, थेट औंढ्याहून माणसं यायची आणि अक्षरबाबाच्या धुनीपुढं दाटीवाटीनं बसायची. बाबाची रीत सोपी होती. लाल धागा गुंडाळलेली एक लेखणी आणि एक कागद. आपलं दुखणं त्याच लेखणीनं लिहायचं. लिहिता येत नसेल त्यानं दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं. मग बाबा तो कागद धुनीच्या धगीवर धरायचा आणि डोळ्यांदेखत अक्षरं गायब व्हायची. "देवानं वाचलं. अक्षर गेलं, दुखणं गेलं. आता गोळीला हात लावला तर देवाचा अपमान," असं बजावून बाबा तोच कोरा कागद ताइतात घालून गळ्यात बांधायचा. देवाला वाचायला धग कशाला लागते, हे कुणी विचारलं नाही. देवाला म्हणे अंधारात दिसत नसावं.

शिवकन्येनंही विचारलं नाही, आणि विचारणं हेच तर तिनं अंगावर घेतलेलं काम होतं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची ही पोरगी कॉलेजच्या मासिक मंडळात नुकतीच शिरली होती. पुढं एखाद्या मोठ्या मासिकात नोकरी धरायची, असं ज्यांच्या मनात होतं अशा अकरा पोरापोरींचं ते मंडळ. मराठीचे राठोड सर त्यांना लेख कसा बेतायचा, प्रुफं कशी तपासायची हे शिकवायचे. सरांचा दंडक एकच: बघितलेली गोष्ट पुन्हा जाऊन बघायची, मगच लिहायची. शिवकन्या बाबाकडं एकदाच गेली. अंक छपाईला जायची घाई होती आणि मुखपृष्ठावर आपलं नाव येणार म्हणून पाय जमिनीवर नव्हते. दोन साक्षीदारांशी बोलले, असं तिनं सरांना सांगितलं. ते दोघंही बाबाच्याच मठात जेवतात, हे सांगायचं तिनं टाळलं. सरांनीही खोदून विचारलं नाही. 'अक्षर नेणारा बाबा' फोटोसकट छापून आला.

तो अंक तिनं नर्मदामावशीला वाचून दाखवला. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण, चार शेळ्यांवर संसार ओढणारी. तिला टीबी झाला होता. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळ्या सहा महिने न चुकता घ्यायच्या होत्या. दोनच महिन्यांत खोकला थांबला होता. मावशीला अक्षरओळख नव्हती, पण छापलेल्या कागदावर तिचा देवाइतका भरवसा. मला घेऊन चल, म्हणाली. शिवकन्याच घेऊन गेली. लाल धाग्याच्या लेखणीनं तिनं आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'नर्मदाबाई, टीबी.' धगीवर अक्षरं गेली. घरी येऊन मावशीनं गोळ्या उकिरड्यावर फेकल्या.

मे महिन्यात दुसऱ्या अंकाची प्रुफं शिवकन्येकडं आली. मंडळात दुरुस्त्या पुसता येणाऱ्या पेनानं करायच्या. खूण चुकली की पेनाच्या मागच्या रबरी टोकानं घासायची, की ती जायची. दोन दिवस खपून तिनं गठ्ठा तपासला आणि कॉलेजात द्यायला सेनगावच्या जीपकडं गेली. जीप भरेपर्यंत गठ्ठा पुढच्या काचेखाली ठेवला आणि स्वतः लिंबाखाली सावलीला उभी राहिली. तासाभरानं बघते तर काय, छापलेला मजकूर जशाचा तसा, पण तिची एकही खूण शिल्लक नव्हती. तिला रडू फुटलं. मग एकदम ती रडायची थांबली. इथं धुनी नव्हती, बाबा नव्हता, नुसतं ऊन होतं.

सरांना गाठून तिनं विचारलं. ते म्हणाले, ही शाई उष्णतेनं रंग सोडते. आपण घासतो तेव्हा पुसत नाही, तापवतो. कडक थंडीत रंग परत येतो. बाबाच्या लेखणीला तो लाल धागा कशासाठी होता, हे आता उमगलं. रबरी टोक झाकायला.

तोवर मावशीला खोकल्यातून रक्त पडू लागलं होतं.

बाजाराच्या दिवशी गोरेगावात, बालाजीच्या आइस्क्रीमच्या दुकानापुढं, शिवकन्येनं माणसं जमवली. मंडळाच्या पेनानं तिनं कागदावर लिहिलं, 'मी शहानिशा न करता छापलं.' शेजारच्या चहावाल्याच्या तापल्या किटलीला कागद लावला. अक्षरं गेली. मग मावशीचा ताईत उसवून आतला कोरा कागद काढला आणि दोन्ही कागद बालाजीच्या फ्रीजरमध्ये ठेवले. अर्ध्या तासानं बाहेर काढले तेव्हा दोन्हींवर अक्षरं उमटली होती. थोडी फिकट, पण वाचता येत होती. नर्मदाबाई, टीबी.

बाबाचा चेला उकंडराव गर्दीतच होता. "तुमी शंका घेतली, म्हून दुखणं परत आलं," तो म्हणाला. काही माना डोलल्यासुद्धा. शिवकन्येनं स्वतः लिहिलेला कागद वर धरला. "मंग ह्यावर कोन्तं दुखणं होतं, काका? ह्याला तर बाबानं हातबी लावला न्हाई."

उकंडराव गर्दीतून मागं सरकला. काहींनी तिथंच ताईत तोडले, काहींनी नुसते सदऱ्याआड सारले. पुढच्या गुरुवारी बाबाचा मठ रिकामा होता. असा माणूस उपाशी मरत नसतो. दुसऱ्या कुठल्या शिवारात धुनी पेटली असेल.

दुसऱ्या अंकाच्या मुखपृष्ठावर मावशीचा कागद छापला, खाली शिवकन्येचा मजकूर: 'हे अक्षर माझं आहे आणि ही चूकही माझी आहे. शाई गेली म्हणून रोग जात नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. डोळ्यांनी दिसलं तरी कसं झालं ते विचारा, आणि छापलंय म्हणून खरं मानू नका, आमचंसुद्धा.'

अंक घेऊन ती हिंगोलीला, मावशीला ठेवलं होतं त्या दवाखान्यात गेली. मध्येच सोडल्यामुळं आधीच्या गोळ्या आता मावशीला लागू पडत नव्हत्या. डॉक्टरांनी नवा, लांबचा इलाज सुरू केला होता, आणि खात्री कसलीच दिली नव्हती. शिवकन्येनं सगळा मजकूर वाचून दाखवला. मावशीनं तो डोळे मिटून ऐकला. रागावली नाही.

"चांगलं लिवलंस," ती म्हणाली. "पण हे आधी काहून न्हाई छापलं, बाई?"