कुंकवाची बोटं आणि अडकलेली कळ

मी एक जुना, बोजड, पिवळा पडलेला कीबोर्ड आहे. मित्रांनो, हल्लीच्या कीबोर्डांसारखा मी मिळमिळीत नाही. माझी कळ दाबली की खट्ट वाजते, आणि दुबईतल्या करामाच्या या फ्लॅटमध्ये ती शेजाऱ्यापर्यंत ऐकू जाते!

सूर्यकांत देशपांड्यांच्या ऑफिसात मी पंधरा वर्षं राबलो. नवे कीबोर्ड आले तेव्हा त्यांनी मला घरी आणलं. "हा माझा लकी आहे," ते म्हणाले. मी फुलून गेलो.

यंदा त्यांनी घरच्या घरी एक कॉम्प्युटर बनवायला घेतला. सुट्या चिप्स, वायरींचं जंजाळ आणि एक छोटा पडदा. माझा जाड पाच पिनांचा प्लग त्याला कुठेच बसेना. त्यांच्या पत्नी सुहासिनीताई म्हणाल्या, "अहो, नवीन आणा ना!" पण हे हट्टी. त्यांनी एकेक वायर शोधून जोडली. मी प्रत्येक कळीसाठी एक आकडा पाठवतो. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, याची त्यांनी वहीत यादी केली. महिन्याभराने पडद्यावर पहिलं अक्षर उमटलं, तेव्हा त्यांनी मला चक्क कुरवाळलं.

मग आली खंडेनवमी. आपल्याकडे हत्यारांची पूजा होते, आणि आमचं हत्यार मीच! सूर्यकांतांनी मला पाटावर ठेवलं, ओल्या कुंकवाची बोटं लावली, झेंडू वाहिला आणि मूठभर अक्षता टाकल्या. त्यातला एक दाणा घरंगळून 'ए'च्या कळीखाली गेला. मला कळलं, पण ओरडणार कसा?

दुसऱ्या दिवशी सोनं द्यायला मंडळी आली. वासुदेवकाका, शेजारचा फरदीन, ऑफिसातले दोघे. सूर्यकांतांनी ऐटीत इंग्रजी अक्षरांत 'दसरा' टाइप केलं. पडद्यावर आलं डी, एस, आर.

"ये क्या है भाई, नयी कंपनी?" फरदीन म्हणाला. सगळे खो खो हसले.

सूर्यकांतांचा चेहरा पडला. त्यांनी मला टेबलावर आपटलं. "कॉम्प्युटर फर्स्ट क्लास आहे हो! हे डबडंच भंगार आहे. याने नाक कापलं माझं. उद्याच फेकतो, खलास!"

डबडं! कालच ज्याच्यासमोर हात जोडले, त्याला?

दोन दिवसांत नवा, गुळगुळीत कीबोर्ड आला. मी बाल्कनीत, जुन्या चपलांशेजारी. त्यांच्या मुलीला, आभाला मात्र राहवलं नाही. तिने माझी कळ उचकटली आणि कुंकवाने माखलेला दाणा वडिलांच्या तळहातावर ठेवला.

"बाबा, इट वॉज युवर पूजा! वासुदेव अंकलना सांगा ना, कीबोर्ड बरा होता."

सूर्यकांतांनी दाणा चिमटीत धरून पाहिला. मला वाटलं, आता उचलतील, आता फोन लावतील.

"जाऊ दे गं," ते म्हणाले, "आता कशाला? विसरलेही असतील ते."

मित्रांनो, तो आपटल्याचा मार मी कधीच विसरलो. पण हे 'आता कशाला' अजून सलतं. आम्हां जुन्या वस्तूंना खुशाल पुसा, झटका, दुरुस्त करा; नाहीच जमलं तर टाकूनही द्या. फक्त चारचौघांत आमच्या माथी मारलेली चूक आमची नव्हती असं कळलं, तर तेही चारचौघांतच सांगा. आम्हाला तोंड नाही हो, तुम्हाला आहे.