कुंपणाच्या आत

माझ्या माहेरी, मिरजगावला, कडुनिंब मोहरला की आई अंगणात पाणी शिंपडून बाज टाकायची आणि म्हणायची, "आता कुठं हवेला वास आला." यंदाही निंब मोहरलाय, अगदी आमच्या दारातला, आणि मला तो वास नकोसा झालाय. बाळंतिणीच्या खोलीची खिडकी त्याच झाडाकडे उघडते. खोलीत बाज आहे, बाजेखाली शेगडी आहे, डब्यात डिंकाचे लाडू आहेत. बाळ तेवढं नाही.

लाडू मात्र सासूबाई रोज हातावर ठेवतात. "खा," म्हणतात आणि खाऊन होईपर्यंत जागच्या हलत नाहीत. त्यांचा स्वतःचा उपासकाळ आत्ताआत्तापर्यंत चालू होता. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत त्या एकच वेळ जेवतात, तेही भाकरी आणि मीठ. मला लाडू आणि त्यांना मीठ, असं आमचं दोघींचं घर चाललं होतं.

घरात आम्ही दोघीच. माझे यजमान सत्यवान लढाईवर गेलेत, ब्रह्मदेशाच्या बाजूला कुठेतरी. मी त्यांचं नाव सरळ घेते. मिशनच्या शाळेतल्या मास्तरांची मुलगी मी, माझी आईही वडिलांचं नाव घ्यायची. सासूबाईंना ते खपत नाही. "न्हवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, आनि हितं तर लढाई चाललीया," असं त्या लग्न झाल्यापासून मला बजावतात. त्यांनी स्वतः कधी सासऱ्यांचं नाव घेतलं नाही. सासरे वारून बारा-पंधरा वर्षं झाली तरी "सत्यवानाचा बाप" हेच. एकदा मी म्हटलं, "आत्याबाई, आता तर मामंजी देवाघरी आहेत. तिथलं आयुष्य कसं घटेल?" तर आठवडाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

सासूबाईंचं नाव मरिया. संवत छप्पनच्या दुष्काळात आईबाप गेले, तेव्हा एवढीशी पोर मिशनच्या दारात आली. तिथं पेज मिळाली, त्याबरोबर नाव मिळालं, आणि दोन्ही त्यांनी घट्ट धरून ठेवलं. त्या रोमन कॅथलिक. आम्ही माहेरचे अमेरिकन मिशनचे. आमचं ख्रिस्तीपण पेटीचं, भजनाचं, वाचनाचं. यांचं जपमाळेचं आणि मेणबत्तीचं. लग्न ठरताना मी पंथ बदलून त्यांच्या चर्चमध्ये गेले तेव्हा माझे वडील नुसतं एवढंच म्हणाले, "देव तोच आहे, कृपा." सासूबाईंनी मात्र टोमणा मारलाच होता. "तुमच्यात मरियामातेला कोनी पानीसुदिक विचारत न्हाई म्हनं."

पाण्यावरून बोलायचा त्यांना हक्क होता. आमच्या गावाला फादर कधी महिन्याने येतात, कधी दोन महिन्यांनी. तोवर एखादं तान्हं जाईलसं वाटलं तर कोणीही त्याच्या डोक्यावर पाणी घालून ठरलेले शब्द म्हणायचे, की त्याचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, झाला. बाई असो, पुरुष असो, ख्रिस्ती नसला तरी चालतो. सासूबाईंनी हे गावातल्या सुइणींनाही शिकवून ठेवलंय. चुलीवरच्या फळीवर एक पितळी तांब्या त्याच कामासाठी कायम भरलेला, वर झाकण. त्यांची स्वतःची तीन लेकरं गेली. "पन कोरडं कोनी गेलं न्हाई," हे त्या अशा सांगतात, जशा दुसऱ्या बायका मुलांच्या नोकऱ्या सांगतात.

कोरडं गेलेल्यांची जागा वेगळी आहे. ओढ्याच्या वर आमची दफनभूमी, तिला निवडुंगाचं कुंपण. आतली जमीन फादरांनी आशीर्वाद देऊन पवित्र केलेली, तिथं क्रूस, तिथं नावं. कुंपणाबाहेर बाभळीखाली पाण्यावाचून गेलेली तान्ही, एक गळफास घेतलेला गडी, आणि धर्माला पाठ फिरवून मेलेली एकदोन माणसं. तिथं खूण म्हणून दगडही ठेवत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा मी सासूबाईंना विचारलं होतं, त्या तान्ह्यांचं काय चुकलं? त्या म्हणाल्या, "त्येंचं न्हाई. घरच्यांचं चुकलं."

होळी होऊन गेली होती. शुक्रवार होता. उपासकाळातल्या शुक्रवारी चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेची प्रार्थना असते, आणि त्या आठवड्यात फादर पलीकडच्या वाडीत आलेले होते. मला आठवा संपायचा होता. सासूबाई निघताना म्हणाल्या, "सांच्याला येते. जड काय उचलू नकु." त्या ओढा उतरून गेल्या असतील नसतील, माझी कंबर धरली. मग पाणी गेलं. शेजारच्या दीनाकाकूंनी लंकाबाईला बोलावलं. लंकाबाई सुईण, या गावातली निम्मी माणसं तिच्या हातांवर आलीत.

मुलगा झाला. ओंजळीत मावेल एवढा. रडला नाही, पण श्वास होता. पोट भात्यासारखं वरखाली होत होतं, ते मी पाहिलं. लंकाबाई त्याला चोळत होती, फुंकत होती, तळव्यांवर टिचक्या मारत होती. दीनाकाकू शेगडी पेटवायला धावल्या. मी हात पुढे केले आणि लंकाबाईने त्याला माझ्या छातीवर ठेवलं. मी त्याची बोटं मोजली नाहीत, नाक कोणासारखं ते पाहिलं नाही. मी फक्त म्हणत राहिले, घे रे, अजून एक घे. त्याने घेतले थोडे. मग नाही घेतले.

फळीवरचा तांब्या माझ्या डोळ्यांसमोर होता. त्याचा विचारसुद्धा माझ्या मनात आला नाही. माझ्या माहेरी बाप्तिस्मा म्हणजे रविवार, सगळी मंडळी उभी, पाळकसाहेब, बाळाला नवं झबलं. आईने रक्ताने लडबडलेल्या लुगड्यात करायचं ते काम, असं मला कोणी लहानपणी शिकवलंच नव्हतं. लंकाबाईला शिकवलं होतं, पण तिचे दोन्ही हात त्याला जगवण्यात गुंतले होते. याचा तिला दोष देणाऱ्याचं तोंड मला बघायचं नाही.

दिवेलागणीला सासूबाई आल्या. घरी परतणाऱ्या दीनाकाकूंनी दारातच सांगितलं असावं. आत येऊन त्यांनी बाळाला पाहिलं नाही, मला पाहिलं नाही. फळीकडे पाहिलं. तांब्यावर झाकण जसंच्या तसं होतं.

"पानी घातलं का?"

मला इतका राग आला की पोटातली कळ विसरले. माझं मूल गेलंय आणि ही बाई तांब्या बघतेय, असं मनात आलं. मी म्हटलं, "नाही. त्याला दूध पाजायचं होतं मला." त्या मटकन खाली बसल्या. लंकाबाई हळूच म्हणाली, "मरियाबाई, आमच्यात तर लहान लेकराला वढ्याकाठी ठेवत्यात. त्येला कशाचं आत-भाईर?" सासूबाईंनी बाळाला गरम पाण्याने पुसलं, सत्यवानांच्या जुन्या धोतराचा तुकडा फाडून त्यात गुंडाळलं, आणि उजाडेपर्यंत मांडीवर घेऊन बसल्या.

सकाळी फादर आले. वाडीतून परत जाता जाता त्यांना निरोप मिळाला होता. ते मंगळूरकडचे, मराठी पुस्तकातल्यासारखी बोलतात, मनाने चांगले. दारात टोपी काढून उभे राहिले आणि जे विचारायचं ते त्यांनी विचारलं.

"स्नानसंस्कार झाला होता का?"

मी तोंड उघडलं. मी खरंच सांगणार होते. तेवढ्यात सासूबाई बोलल्या, "व्हय. म्या घातलं पानी."

"पण मरियाबाई, तुम्ही तर काल सायंकाळपर्यंत आमच्याबरोबर होता."

"परत आले तवा जीव हुता त्येच्यात."

फादरांनी मान हलवली. मरियाबाईवर अविश्वास कोण दाखवणार? लंकाबाई कोपऱ्यात उभी होती, ती आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. "नाव काय ठेवलं?" फादरांनी विचारलं.

सासूबाई स्पष्ट म्हणाल्या, "अब्राहाम."

ते माझ्या सासऱ्यांचं नाव. त्यांच्या तोंडून ते मी पहिल्यांदाच ऐकलं.

अब्राहाम कुंपणाच्या आत गेला. सासऱ्यांच्या शेजारी, सासूबाईंच्या तीन लेकरांच्या ओळीत. मी बाळंतीण, मला जाता आलं नाही. तिसऱ्या दिवशी मला दूध आलं. छाती दगड झाली, ताप चढला. लंकाबाई म्हणाली, मोगऱ्याची फुलं बांधली तर दूध आटतं. आसपास मोगरा एकाच ठिकाणी, वाडीच्या चर्चच्या आवारात, वेदीसाठी लावलेला. त्याचं फूल कोणी पोराने तोडलं तर सासूबाई त्याचा कान पिळायच्या. त्या गेल्या आणि ओटीभर फुलं तोडून आणली. ती त्या माझ्या छातीवर फडक्याने बांधू लागल्या. मी म्हटलं, "आत्याबाई, ही तर देवाची फुलं." त्या म्हणाल्या, "गप पड."

पुढं उपासकाळ चालू राहिला. त्यांची मीठ-भाकरीही चालू राहिली, पण बाकीचं एकेक बंद पडत गेलं. संध्याकाळी आमच्या ओट्यावर बायका जपमाळेला जमायच्या आणि सासूबाई पुढून म्हणायच्या. आता म्हणतात, "दीना, तू म्हन, माझा घसा बसलाय." त्याच घशाने त्या शेतात पाखरं हाकलतात, ते पार इथवर ऐकू येतं. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी त्या चर्चच्या दारात बसून राहिल्या. पवित्र आठवड्यात फादर पापनिवेदन ऐकायला गावात आले, चिंचेखाली खुर्ची टाकून बसले, सगळं गाव रांगेत. सासूबाईंना नेमकी त्याच दिवशी ज्वारी उफणायची होती, वारा नसताना.

बायका कुजबुजायला लागल्या. दीनाकाकूंनी तर मला तोंडावर विचारलं, "मरियाबाईचं काय बिनसलंय गं? एवढी भक्तीन, आनि ऐन ईस्टरला पापनिवेदन न्हाई?" आमच्यात वर्षातून एकदा, ईस्टरला तरी, पापं सांगून कम्युनियन, म्हणजे फादरांच्या हातची पवित्र भाकर, घ्यावंच लागतं. जो घेत नाही त्याला मेल्यावर कुंपणाआत जागा मिळत नाही, असं इथं लहान पोरालाही माहीत असतं.

रात्री भाकरी थापताना मी विषय काढला. "आत्याबाई, तुम्ही फादरांना सांगून टाका. ते कोणाला बोलत नाहीत, पापनिवेदनात ऐकलेलं त्यांना बाहेर सांगताच येत नाही. देव क्षमा करेल."

त्या तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, "चोरी कबूल केली की माल परत द्यावा लागतो."

"म्हणजे?"

"म्या त्येला चोरून आत ठिवलाय. सांगितलं तर परत द्यावा लागंल. उकरून भाईर."

"फादर तसं करणार नाहीत."

"न्हाई केलं तरी ते इचारनार, पश्चात्ताप झाला का." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदा नीट पाहिलं. "मला न्हाई झाला पोरी. रोज झोपताना बघते झाला का, पन न्हाई होत. मंग तिथं गुडघ्यावर बसून झाला म्हनू? एक खोटं मानसाफुडं बोलले. दुसरं देवाफुडं बोलू?"

मला रडू आलं. एवढ्या दिवसांत मी बाळासाठी रडले, माझ्यासाठी रडले, त्या म्हातारीसाठी पहिल्यांदाच रडले. ज्या बाईने चाळीसेक वर्षं स्वर्गाची वाट एकेक मणी ओढत झिजवली, तिने ती एका वाक्यात सोडून दिली होती, आणि कोणासाठी, तर ज्याला जिवंत पाहिलंही नव्हतं त्याच्यासाठी. चूक माझी की तिच्या फळीवरच्या तांब्याची, हा वाद मला आता घालायचा नाही. पण असल्या कुंपणाचा मला राग येतो. तो फादरांना सांगितला तर तेही एक पाप धरतील, म्हणून मीही रांगेत गेले नाही.

ईस्टरच्या सकाळी मी पहिल्यांदा घराबाहेर पडले. चर्चमध्ये बायकांच्या बाजूला गोणपाटावर आम्ही दोघी शेजारी बसलो. नवी लुगडी, मेणबत्त्या, मोगऱ्याचा वास. घंटा वाजली, सगळ्या उठून कम्युनियन घ्यायला वेदीकडे गेल्या. आमच्या भोवतीची जागा रिकामी झाली. फादरांनी हातातलं पात्र धरून एकदा आमच्याकडे पाहिलं, जरा थांबले. सासूबाईंनी पदर पुढे ओढला. मी त्यांचा हात धरायला गेले तर त्यांनी मला ढोसलं. "तू जा. तुला कशाला." मी गेले नाही.

मिस्सेची उपासना संपल्यावर रिवाजाप्रमाणे सगळे आपापल्या माणसांच्या कबरींवर फुलं घेऊन गेले. निवडुंगाच्या फटीतून मी आत गेले आणि अब्राहामची जागा मी पहिल्यांदा पाहिली. हातभर मातीचा उंचवटा, वर दोन काड्यांचा क्रूस, सुतळीने बांधलेला. मी फुलं ठेवली, मातीवर हात ठेवला. ऊन चढत होतं, माती गरम लागली.

मागे वळून पाहिलं तर सासूबाई आत आल्याच नव्हत्या. त्या कुंपणाबाहेर बाभळीखाली उभ्या होत्या, पायाने वाळके काटे बाजूला सारत. मी हाक मारली. त्यांनी वर पाहिलं, मग तिथून निवडुंगापलीकडे, अब्राहामच्या मातीपर्यंत, नजर टाकली.

"हितनं दिसतीया त्येची जागा," त्या म्हणाल्या. "सत्यवान आला की त्येला सांग, मला हितं ठिवायचं. आनि का, ते सांगू नकु."