मालिकावीराला व्हिसा

खाडीपट्टा संघ मोसमातल्या पहिल्या तीन मॅचपैकी दोन हरला आणि तिसरी कशीबशी बरोबरीत सोडवून आला, तेव्हा दुबईच्या देरा भागातल्या हमदुल्ला चाचांच्या ऑफिसात चौकशी समितीच बसली. समिती म्हणजे आम्ही चार माणसं, एक लॅपटॉप आणि खालच्या कॅफेटेरियातून आलेला करक चहा. गावाकडची कबड्डी आता यूट्यूबवर लाइव्ह दिसते, त्यामुळे दुबईत बसून कोकणातल्या पोरांना शिव्या घालायची उत्तम सोय झाली आहे.

बाणकोट खाडीच्या काठावरच्या सात गावांचा मिळून हा एक संघ. मोहल्ल्यातली पोरं आणि कुणबी वाड्यांतली पोरं, दोन्हीकडची खेळतात. दिवाळीनंतर मॅच सुरू होतात आणि मे महिन्यात फायनल. मधल्या काळात आमच्याकडे कोणी मेलं तरी मयतीच्या माणसांत दोघं तरी हळूच स्कोअर विचारतात.

चाचांचा गाड्यांच्या सुट्या भागांचा धंदा आहे आणि मी त्यांच्याच गोदामात काम करतो. शाहबाज दर रविवारी अजमानहून येतो. त्याला कबड्डीतलं सगळं कळतं, फक्त तो आयुष्यात कधी मैदानात उतरलेला नाही. चौथे सदानंद रेवाळे, आमचे सदाभाऊ. ते एका ट्रेडिंग कंपनीत अकाउंटंट आहेत, बर दुबईला बायकोमुलांबरोबर राहतात आणि मॅचच्या दिवशी खाडी ओलांडणाऱ्या अब्रात, म्हणजे होडीत बसून इकडे येतात.

"मॅटचा प्रॉब्लेम आहे," शाहबाज म्हणाला. "आपली पोरं मातीतली. मॅटवर ग्रिपच मिळत नाही त्यांना."

"आणि समोरची पोरं काय बर्फावर वाढली?" सदाभाऊंनी विचारलं. "नाचता येईना अंगण वाकडं. डिफेन्स बघ आधी. उजव्या कोपऱ्याला रोज नवा माणूस उभा."

"मग कोच बदला."

"अरे, सीझनची सुरुवात आहे, हबीबी," चाचा म्हणाले. "पहिल्या चार मॅच धरायच्याच नसतात. त्या वर्षी पण आपण पहिल्या दोन हरलो होतो. मग फायनल मारली की नाही? या उझैरने मारली."

तिघांनी माझ्याकडे बघितलं. मी चहा प्यायलो.

त्या वर्षी मी संघाचा मुख्य चढाईपटू होतो. आता संघ हरला काय आणि जिंकला काय, मला सारखंच. वाईट वाटत नाही, आणि वाटत नाही याचंही काही वाटत नाही. पाय बधिर झाला की माणूस चिमटा काढून बघतो, तसा मी मधूनमधून स्वतःला काढून बघतो. ईद आली, अम्मीचा फोन आला, पगार झाला, काही नाही. कोणाबद्दल तक्रार नाही माझी. चाचा पगार वेळेवर देतात, खोलीत एसी चालतो, गोदामात कोणी ओरडत नाही.

त्या वर्षीचे सात जण आज आहेत कुठे, हा प्रश्न समितीपुढे कधी येत नाही. मीच सांगतो. आमच्याकडे एक रिवाज आहे. इतर ठिकाणी मालिकावीराला मोटरसायकल देतात, आमच्याकडे व्हिसा देतात. फायनल संपली की माइकवरून चाचांचं नाव पुकारलं जातं आणि चाचा जाहीर करतात की अमुक अमुक खेळाडूला दुबईत नोकरी. शेवटच्या पॉइंटला वाजल्या नसतील इतक्या टाळ्या तेव्हा वाजतात. चाचांचं बघून कुवेतवाल्यांनी आणि कतारवाल्यांनी पण सुरू केलं. त्यामुळे आमचा डावा कोपरा शारजात पिकअप चालवतो, उजवा कोपरा कुवेतला सुपरमार्केटात आहे, आणि मी देऱ्यात ब्रेक पॅडचे खोके रचतो. जो चांगला खेळेल त्याला आम्ही प्रेमाने उचलून आणतो आणि मग मोसम सुरू झाला की गोल करून बसतो, की यंदा फॉर्म का नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण हे बोलायचं कोणी? ज्याने बोलायचं त्याला त्याच माइकसमोर हार घातलेला आहे.

यंदा संघात माझा भाऊ रुहान आला होता. वय वीस. बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, आणि संध्याकाळी खेळतो. गेल्या मोसमात राखीव म्हणून उतरून त्याने एका चढाईत तीन गडी मारले होते, तेव्हापासून पुढचा व्हिसा त्याचाच असं सगळे धरून चालले होते. चाचांनी गोदामात जागा अडवून ठेवली होती. अम्मीने तर माझी जुनी बॅग धुवून वाळवली होती. आणि आता तीन मॅचमध्ये या पठ्ठ्याचे पॉइंट एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते.

"उझैरचा भाऊ म्हणून घेतलाय," शाहबाज म्हणाला. "खरं बोलतो, राग मानू नको."

"नाही मानत," मी म्हणालो. खरंच मानला नव्हता.

चौथी मॅच सुरू झाली. पहिल्या दोन चढाया रिकाम्या गेल्या आणि तिसऱ्या चढाईला, जिथे पॉइंट आणलाच पाहिजे नाहीतर बाद, रुहानला पाठवलं. तो आत गेला. बोनससाठी डावा पाय टाकला. समोरच्या कोपऱ्याने झेप घेऊन घोटा धरला आणि सगळे त्याच्यावर पडले.

"घाबरतो पोरगा," चाचा हळहळले.

मी लॅपटॉपजवळ सरकलो. तो पाय मीच त्याला शिकवला होता, भरती ओसरल्यावर खाडीच्या ओल्या वाळूत. पाय टाकायचा आणि समोरच्याच्या खांद्यात हालचाल दिसली की त्याच क्षणी ओढायचा. रुहानचा पाय माझ्यापेक्षा लवकर मागे यायचा. आत्ता त्याने खांदा बघितला होता. बघून पाय तसाच ठेवला होता, गिऱ्हाइकापुढे माल ठेवावा तसा.

नंतर उत्तरार्धातही त्याने दोनदा तेच केलं. एकदा तर समोरचा घसरला, तरी हा वाट बघत थांबला. संघावर लोण चढला. मॅच गेली. मोठ्या फरकाने गेली.

शाहबाजने लॅपटॉप मिटला. चाचांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मी एक बोलू का? याला आत्ताच बोलावून घेऊ."

"कोणाला?"

"रुहानला. मेपर्यंत कशाला थांबायचं? त्याच्याने खेळ होत नाही. संघात राहिला तर लोक बोलणार, पोराचं मन मोडणार, वर याच्या अम्मीला, मैमुनाबीला ऐकावं लागणार. इकडे आला की कामाला लागेल. त्याच्या जागी दुसरा चढाईपटू घेतील."

"सुंठीवाचून खोकला गेला," शाहबाज खूश झाला. "संघ पण सुटला आणि घराचं पण भलं. यल्ला, लावा फोन."

म्हणजे चांगला खेळला तर व्हिसा आणि वाईट खेळला तरी व्हिसा. चाचांच्या मनात काही वाकडं नव्हतं. हा माणूस खरोखर चांगला आहे. तीच तर अडचण आहे, चांगल्या माणसाला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही.

"मी आधी रुहानशी बोलतो," मी म्हणालो आणि मोबाइल घेऊन बाहेर जिन्यात गेलो.

त्याने लगेच उचलला. मागे जनरेटरचा आवाज होता.

"मुद्दाम करतोयस?" मी विचारलं.

तो चालत लांब गेला असावा, जनरेटरचा आवाज कमी झाला.

"मला दिसतं, रुहान. बाकी कोणाला नाही दिसणार."

"भाई, अम्मीला सांगू नको."

"का करतोस?"

"मला नाही यायचं तिकडे."

"मग तसं सांगायचं ना. संघाला कशाला बुडवतोस?"

"कोणाला सांगू? व्हिसा नको म्हटलं तर लोक विचारतील, पोरीचं लफडं आहे का, डोकं फिरलंय का. अम्मी जेवणार नाही. खेळच येत नाही म्हटल्यावर आपोआप नाव कटेल, असं वाटलं."

"इथे वाईट काय आहे?" मी म्हणालो. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तू मागच्या मेमध्ये सुट्टीवर आला होतास. आठवतं? दोस्तीची मॅच म्हणून तुला उतरवलं. पहिल्याच चढाईत तुला धरलं. आधी तू असा पकडला गेलास की मातीवर मुठी आपटायचास. मी लहान होतो, मला भीती वाटायची तुझी. त्या दिवशी तू उठलास, पँट झटकलीस आणि हसलास. बाहेर येऊन मला विचारलंस, चहा कुठे मिळेल."

"मग?"

"मग काही नाही. मी घरी जाऊन रडलो, भाई. तू जिवंत आहेस, पैसे पाठवतोस, सगळं ठीक आहे. पण मला तसं नाही व्हायचं."

मी त्याला म्हणालो की खेळायला लाग, बाकी मी बघतो. कसं बघणार, ते मला माहीत नव्हतं. भावाने एवढं तोंडावर सांगूनसुद्धा मला काही वाटलं नाही. बरोबर बोलतोय, एवढंच वाटलं.

परत आत आलो तर चाचांनी फोन स्पीकरवर टाकलेला. समितीला दम कुठे असतो? अम्मीचा आवाज ऑफिसभर भरला होता. ती चाचांना दुआ देत होती.

"घ्या, उझैर आला, त्याच्याशी बोला," चाचा म्हणाले आणि फोन माझ्यापुढे सरकवला.

"ऐकलंस ना?" अम्मी म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "चाचांना मीच सांगितलं होतं रे, मे कशाला, आत्ताच न्या. खेळाचं काय घेऊन बसलायत. मला रुहानच्या नोकरीची घाई नाही. मला तुझी काळजी आहे. फोनवर तुझा आवाज कसा येतो, आईला कळत नाही का? हूं, हां, ठीक, बस. रुहान आला की तुला तुझं माणूस होईल. दोघं एका ताटात जेवाल. रुहान तुला बोलतं करेल बघ."

म्हणजे माझ्यासाठी. माझा हात बधिर पडलाय हे तिला कळलं होतं, आणि शेकायला ती दुसरा हात पाठवत होती.

रुहानला यायचं नाही असं मी म्हटलं असतं, तर अम्मी त्याच्यासमोर बसून रडली असती. आमच्या घरात तिच्या रडण्यापुढे कोणी टिकलेलं नाही. मी स्वतः टिकलो नव्हतो. तो चार दिवसांत विमानात बसला असता. नकार माझ्याकडूनच जायला हवा होता, आणि असा, की तिने पुन्हा विचारू नये.

"अम्मी, त्याला पाठवू नकोस," मी म्हणालो.

"का रे?"

"मला इथे कोणी नकोय."

"कोणी म्हणजे? तुझा सख्खा भाऊ आहे तो."

"असू दे. मी एकटा आहे तो बरा आहे. त्याची जबाबदारी माझ्या गळ्यात घालू नका. आला तर मी त्याला खोलीत घेणार नाही."

फोनमधून कुठल्या तरी घरातला टीव्ही ऐकू येत होता.

"उझैर," अम्मी म्हणाली, "तुला आम्ही एवढे नकोसे झालो?"

मी म्हणालो, "हो."

तिने "बरं" म्हटलं. अगदी हळू. मग फोन बंद झाला.

चाचा माझ्याकडे बघत राहिले. "तुझा बाप असता तर आज तुला मारलं असतं त्याने," ते म्हणाले. "मला हे आवडलं नाही, बेटा." शाहबाज माझ्याकडे न बघता म्हणाला, "स्वतः आत आला आणि भावाच्या तोंडावर दार लावलं." सदाभाऊंनी एकदा मिटलेल्या लॅपटॉपकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि माझा रिकामा कप उचलून ट्रेमध्ये ठेवला.

"मग गोदामातली जागा?" शाहबाजने थोड्या वेळाने विचारलं. "डाव्या कोपऱ्याचा अबरार यंदा काय पकडी करतोय, बघितलं ना? हरणाऱ्या संघात तोच एक दिसतो."

"चांगला मुलगा आहे," चाचा म्हणाले. "बघू. इन्शाल्ला."

मी बाहेर आलो. जिन्याच्या तिसऱ्या की चौथ्या पायरीवर बसलो. अम्मीला परत फोन करावा असं फार वाटत होतं, पण केला असता तर सगळं खरं सांगितलं असतं, म्हणून मोबाइल बंद करून टाकला. आता ती रुहानला सांगत असेल, की तुझ्या भावाला तू नको आहेस, त्याला आपण कोणीच नको आहोत. रुहानला खरं माहीत असेल, आणि तोंड उघडता येणार नाही. माझ्या छातीत इतकं दुखायला लागलं की मी कठड्याला धरून बसलो. खालून कॅफेटेरियाचा माणूस ट्रे न्यायला वर येत होता. त्याने मला रडताना बघितलं आणि विचारलं, "घर में सब ठीक है ना, भाई?" मी म्हणालो, नाही.