काळी पावती, कोरी पावती

मी एक जुना प्रिंटर आहे. टेबलावर ऐसपैस बसणारा नव्हे, कमरेला लटकून राबणारा. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी बसमध्ये बिनतिकीट बसलं असेल, तर आपली ओळख आधीच झाली आहे. ज्यांची झाली नाही, त्यांचं अभिनंदन.

मला शाई लागत नाही. माझा कागद उष्णतेनं काळा होतो. जिथे अक्षर हवं तिथे मी चटका देतो. पण कारखान्यात माझं तोंड डोक्यावर बसवलं. कागद वर जातो आणि कुणीतरी फाडून नेतं. त्यामुळे जन्मभर लिहिलं, पण स्वतःचं अक्षर कधी पाहिलं नाही. लोक ते वाचून इतके का चिडतात, हे कुतूहल मात्र पहिल्या दिवसापासून आहे.

तिकीट तपासणाऱ्या एका बाईंच्या पट्ट्याला मला अडकवलं. डेपोत त्यांना सगळे पावतीबाई म्हणत. त्या फोनवर दंड नोंदवत आणि मी चर्र करून पावती देई. त्याआधी त्या हलत्या बसमध्ये हातानं लिहीत. ते अक्षर पाहून लोक पावती घेऊन औषधाच्या दुकानात जात. म्हणून सुरुवातीला माझं फार कौतुक झालं.

"तिकीट वाऱ्यानं उडालं हो!" एक प्रवासी म्हणाला.

"खिडक्या बंद आहेत," पावतीबाई म्हणाल्या.

"म्हणूनच तर परत आत आलं नाही."

एकानं तर डोळे मिटून सांगितलं, "मी या बसमध्ये नाहीच." त्याचीही पावती मी छापली. त्या नसलेल्या माणसानं ती नीट घडी करून खिशात ठेवली.

वर्षं गेली. माझ्या झाकणाला रबरबँड आला. पावतीबाई कौतुकाच्या जागी थापट्या मारू लागल्या.

एका मंगळवारी एक आजोबा पास दुसऱ्या सदऱ्यात विसरून आले. मी पावती छापली.

"तीन दिवसांत पास आणि ही पावती डेपोच्या खिडकीवर दाखवा, दंड रद्द होईल," पावतीबाई म्हणाल्या. "नाहीतर पास महिनाभर बंद. पावती जपा."

"बंद होऊन कसं चालेल, बाई? आक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. दिवसातून दोनदा थेंब घालायला मीच जातो. तिचं तिला घालू दिलं, तर कानात घालते."

आजोबांनी पावती जपली. फारच जपली. शुक्रवारी पाचला दहा कमी असताना त्यांनी खिडकीवर एक चकचकीत काळं कार्ड ठेवलं.

"हे काय?" खिडकीवरच्या साहेबांनी विचारलं.

"पावती. खराब होऊ नये म्हणून लॅमिनेट केली. यंत्रात पांढरी गेली, बाहेर अशी आली."

"यावर नंबर कुठाय?"

"आहे की. काळ्यावर काळा."

"नंबराशिवाय दंड रद्द होत नाही, आजोबा. आणि पाचला खिडकी बंद."

तेवढ्यात पावतीबाई पाळी संपवून आल्या. "थांबा. याच्या पोटात जुन्या पावत्या असतात. दुसरी प्रत काढू." माझा रोल संपला होता. त्यांनी घाईघाईनं नवा घातला आणि बटण दाबलं. चर्र.

कागद कोरा.

पुन्हा चर्र. पुन्हा कोरा. मित्रांनो, शपथेवर सांगतो, मी एकेका अक्षराला प्रामाणिकपणे चटका दिला होता. मग अक्षरं गेली कुठे?

"गेलं हे डबडं," पावतीबाई म्हणाल्या. साहेबांनी भंगाराचा खोका पुढे सरकवला. त्यात एक कॅल्क्युलेटर आधीच उताणा पडला होता.

आजोबांनी मात्र कोरा कागद उचलून नखानं घासला. काही नाही. उलटा करून घासला. करडी रेघ उठली.

"बाई, रोल उलटा घातलाय. कागदाची एकच बाजू काळी होते. लॅमिनेशनवालीनं मला झापता झापता हे दाखवलं."

"म्हणजे मीच चुकले?"

"तुम्ही बाजू चुकलात, मी दुकान चुकलो. फिरवा लवकर, आक्का वाट बघतेय!"

रोल फिरला. पाचला चार कमी. चर्र! माझ्यासमोर ते काळं कार्ड खिडकीच्या गजाला टेकून उभं होतं आणि त्याच्या चकाकीत मला प्रथमच माझं तोंड दिसलं, त्यातून निघणारं माझं अक्षरही. ते उलटं होतं, पण मी वाचलं. नंबर. तारीख. दंड. आणि सगळ्यात खाली: 'आपला प्रवास सुखाचा होवो.'

इतकी वर्षं मी दंडाखाली हे लिहीत होतो! लोक का चिडत, ते आत्ता कळलं.

साहेबांनी 'रद्द'चा शिक्का मारला. आजोबा साडेपाचच्या थेंबांसाठी पळाले. जाताना सदऱ्याचा खिसा दोनदा चाचपला.

तेव्हा मित्रांनो, माझ्या पावतीला ऊन दाखवू नका, इस्त्री तर नकोच. जपायचीच असेल, तर तिची झेरॉक्स काढा. आणि एखाद्या म्हाताऱ्या यंत्राला खोक्यात टाकण्याआधी कागदाला एकदा नख लावून बघा.

ते काळं कार्ड पावतीबाईंनी माझ्या चार्जरशेजारी लावलं आहे. रोज मी त्यात तोंड बघतो. वयाच्या मानानं बरा आहे.