डाव्या वळणावरची जागा

बारा तास गाड्या गोल गोल फिरताना बघायला जाणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, असं आईचं सहा वर्षं ठाम मत होतं. मुलगा शर्यतीत असला की ती आपल्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना उगाच गप्पांत अडकवून ठेवायची, म्हणजे घड्याळाकडे लक्ष जायला नको. यंदा मात्र मुलाने हट्टच धरला. त्याला लहानपणापासून सगळे भिंगरी म्हणत, कारण पोरगं एका जागी बसलेलं कुणी पाहिलंच नव्हतं. तर या भिंगरीने चक्क टेबलाशी बसून आईला दोन पानं सूचना लिहून दिल्या.

सूचना मोठ्या शहाणपणाच्या होत्या. कानात घालायचे बोळे दोन जोड घ्यायचे, कारण एक जोड हमखास हरवतो. बूट जुनेच घालायचे. बाराच्या बारा तास बघत बसायचं नाही, दुपारी जेवून खुशाल डुलकी काढायची, गाड्या कुठे जात नाहीत. पहिला कोण, दुसरा कोण या भानगडीत न पडता एकच गाडी धरायची. एका गाडीचे तीन चालक असतात, ते आळीपाळीने बसतात, म्हणून आत कोण आहे ते हेल्मेटच्या रंगावरून ओळखायचं, माझं पिवळं. सरळ रस्त्यालगत तर मुळीच बसायचं नाही, तिथे नुसता आवाज येतो आणि डोळ्यांपुढून काहीतरी जातं. डाव्या हाताच्या हळू वळणावर जागा धरायची आणि दुर्बीण आणायची. तिथे मी तुला नीट दिसेन, असं त्याने लिहिलं होतं.

सोबतीला तिची धाकटी बहीण होती. मावशीबाईंनी घडीच्या दोन खुर्च्या, छत्री, चार जणांना पुरेल एवढं खाणं आणि विणकाम आणलं होतं. सकाळी सातला गाड्या सुटल्या आणि पंधरा मिनिटांत तिने निकाल दिला की एवढं इंधन जाळून माणसं जिथून निघाली तिथेच परत येतायत, यापेक्षा घरी बसलेलं काय वाईट. दुपारी मात्र तीच उठून टाळ्या वाजवत होती. भिंगरीची गाडी तिसरी होती, आणि अशी संधी त्याच्या चमूला सहा वर्षांत पहिल्यांदाच आली होती.

साडेचारला गाडीत पिवळं हेल्मेट बसलं. शेवटची पाळी त्याचीच होती. आईने दुर्बीण डोळ्यांना लावली आणि पहिल्यांदा पोटभर बघितलं. किती सफाईने वळत होता! तिचा ऊर भरून आला, आणि सहा वर्षं आपण घरी बसलो याची लाजही वाटली.

चौथ्या फेरीला तिला काहीतरी खटकलं. वळणाआधी प्रत्येक चालकाचं डोकं जरासं डावीकडे झुकायचं. भिंगरीचं झुकत नव्हतं, वळत होतं. हनुवटी पार खांद्याला लागेपर्यंत. मान अवघडली असेल, तिने स्वतःला सांगितलं. पुढच्या फेरीला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या फेरीला एक निळी गाडी डाव्या बाजूने त्याच्या शेजारी आली. अगदी बाजूला आली तरी तो सरळ तिच्यावर जात राहिला. निळ्या गाडीने चाकं गवतात घातली म्हणून वाचले दोघंही. मावशीने निळ्याला शिव्या घातल्या. आईच्या हातातली दुर्बीण खाली आली.

तीस वर्षं ती लोकांचे डोळे तपासत होती. माणूस दुकानाचा उंबरा ओलांडून कसा आत येतो त्यावरून त्याची कुठली बाजू गेली आहे हे ती सांगायची, आणि सहसा चुकायची नाही. अशी मान कोण फिरवतं हे तिला विचारावं लागत नव्हतं. ज्याला डाव्या डोळ्याने दिसत नाही तो.

छे, असं कसं होईल. पण मन एकदा मागे धावायला लागलं की थांबतं कुठे. गेल्या वर्षीची टक्कर, ज्यात त्याला काहीसुद्धा झालं नाही म्हणे. त्यानंतर स्वयंपाकघराच्या दाराला त्याचा डावा खांदा कितीदा आपटला होता, आणि तिने दर वेळी म्हटलं होतं की दार बघून चाल रे, भिंगरी. डाव्या हाताशी ठेवलेला पेला त्याने दोनदा सांडला होता. घरात सगळं तिच्या डोळ्यांदेखत चाललं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आणि मग तिला तो कागद आठवला. शर्यतीचा परवाना दर वर्षी नवा करायला नजर तपासल्याचा दाखला लागतो. दोन्ही डोळे ठीक आहेत असं त्यावर परवानाधारक तपासनिसाने लिहायचं असतं. चार महिन्यांपूर्वी भिंगरी तो कागद घेऊन दुकानात आला, तेव्हा समोर गिऱ्हाईक होतं. तिने त्याला खुर्चीत बसवलं नाही, तक्ता दाखवला नाही, बाजूला बोट हलवून पाहिलं नाही. पोटच्या पोराचे डोळे काय तपासायचे? तिने हसत हसत सही ठोकली होती.

तिने मावशीला सगळं सांगितलं. मावशीचं विणकाम मांडीवरून घसरलं. ती पुढे वाकून अगदी हळू आवाजात म्हणाली,

"ताई, दोन तास उरलेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्यापासून नको बसू देऊ त्याला. आत्ता बोललीस तर त्याचं सगळं जाईल आणि तुझं दुकानही."

आईला ते खरं वाटलं. अगदी खरं. दुकान गेलं तर ती काय करणार होती? तिला दुसरं काही येतही नव्हतं. तेवढ्यात पिवळं हेल्मेट पुन्हा वळणावर आलं, मान फिरली, आणि त्याच्या डावीकडून दोन गाड्या एकदम घुसल्या.

"त्या निळ्या गाडीतल्याचीही आई असेल कुठेतरी," असं म्हणून ती उठली.

शर्यतीच्या डॉक्टरांची खोली मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होती. ती वयाच्या मानाने जवळजवळ पळतच गेली. डॉक्टर तिच्याहून तरुण, शांत बाई होत्या. आईने धापा टाकत पाच वाक्यांत सांगितलं. डॉक्टरांनी कपाटातून दाखला काढून तिच्यापुढे ठेवला आणि सही तुमचीच ना, म्हणून विचारलं.

"सही माझी आहे. तपासलं मात्र नाही. मी न बघताच लिहिलं."

याचा अर्थ तुम्हाला कळतो ना, असं डॉक्टरांनी विचारलं. आईने मान हलवली. मग डॉक्टरांनी फोन उचलला आणि ती गाडी आत बोलवायला सांगितली. आईला बसायला खुर्ची दिली, पण तिला बसवेना. ती दाराशीच, आत येणाऱ्याच्या डाव्या हाताला, भिंतीला टेकून उभी राहिली.

दहा मिनिटांत दार धाडकन उघडलं. भिंगरी आत आला, घामाने चिंब, हेल्मेट काखेत. तो तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला आणि थेट डॉक्टरांकडे बघू लागला. टेबलावर दाखला उघडाच होता. तो बघितल्यावर त्याचा चेहरा उतरला.

डॉक्टर म्हणाल्या, डाव्या डोळ्याबद्दल विचारायचं आहे. त्याने मान्य केलं. टकरीनंतर त्या डोळ्यापुढे पडदा आला, तो वाढत गेला, आता उजेड-अंधार तेवढा कळतो. कुणाला सांगितलं नाही.

"पण डॉक्टर, एक लिहून घ्या," तो म्हणाला. "ती सही आईची नाही. मी केलीय, तिच्या सहीची नक्कल करून. तिला यातलं काहीच माहीत नाही. ती बिचारी तिकडे वळणावर बसलीय, मी तिसरा येणार म्हणून. तिला आत्ता काही सांगू नका."

डॉक्टरांनी काहीच लिहिलं नाही. त्या त्याच्या डाव्या खांद्यापलीकडे बघत होत्या. आईने तोंडावर हात दाबून धरला होता. त्या कुणाकडे बघतायत ते त्याला कळलं नाही, आणि तो उत्तराची वाट बघत तसाच समोर बघत उभा राहिला.