मामा उतरले की काटा किती पडतो

माझा भाचा गोमटेश खोटं बोलत नाही. लोकांना हा गुण वाटतो, कारण त्यांना त्याच्यासोबत राहावं लागत नाही. तो रांगत होता तेव्हा त्याची आई गेली. तेव्हापासून मी, त्याची आत्या, त्याला वाढवला आणि त्याचं खरं बोलणंही सोसलं. पाच स्थळं या खरेपणापायी मोडली. एका मुलीला तर चहा पिता पिता सांगून आला, की मागची मुलगी मला जास्त बरी वाटली होती.

त्यात ही पिकअप. निपाणीतल्या गॅरेजात तिला मोठा टर्बो बसवला, डिझेलचा पंप वाढवून घेतला. मग इंजिनातून धूर निघतो तिथं एक सळई घालून त्या धुराची उष्णता दाखवणारं मीटर स्टिअरिंगशेजारी लावलं. काटा सातशेच्या वर राहिला तर टर्बो जातो म्हणे. तेव्हापासून पोरगं रस्त्याकडं कमी आणि काट्याकडंच जास्त बघतं.

सहावं स्थळ सदलग्याचं आलं. मुलगी सोनल, मोजकं बोलणारी, मला बघताक्षणी आवडली. हे जमलं नाही तर पोरगं त्या मीटरशीच संसार मांडणार, अशी मला धास्ती होती. पण बोलणी सुरळीत झाली. स्तवनिधीला दर्शन घेऊन सुपारी फोडायचं ठरलं आणि मुलीचे वडील जिनेंद्र हौसेनं म्हणाले, "एवढी नावाजलेली गाडी हाय, तिच्यातनंच जाऊया की."

दोन्हीकडची मंडळी मागं हौद्यात चढली. केबिनमध्ये गोमटेश, खिडकीशी सोनल आणि दोघांच्या मधे मी, पाचर मारल्यासारखी. तवंदी घाटाला लागलो आणि काटा सहाशे ऐंशीवर गेला. गोमटेशनं गाडी कडेला घेतली.

"कुणीतरी उतरा," तो म्हणाला.

आधी उतरले आप्पा, म्हणजे माझे थोरले भाऊ, गोमटेशचे वडील. आप्पा अगदी वाळलेली शेंग. गोमटेशनं गाडी थोडी पुढं नेली, काटा बघितला आणि खिडकीतून ओरडला, "आप्पा उतरल्यावर तीस डिग्री पडले!"

मग मुलीचे मामा, बाहुबली, उतरले. मामा म्हणजे तंबाखूचं गच्च भरलेलं बोद, पोतंच. गाडी पुढं गेली.

"मामांचे पाच!"



"पाच?" मामा धापा टाकत खिडकीशी आले. "त्या वाळक्या माणसाला तीस आणि मला पाच?"

"मामा, हितं चढ वाढलाय, म्हणून काटा..."

"चढ मला शिकवू नगंस. मुलीचा मामा हाय मी. मांडवात पोरीला मी आननार. पाच डिग्रीच्या मामानं आनलेली पोरगी तुमच्या घरात कशी मानानं नांदंल?"

हे मात्र सगळ्यांना पटलं. क्षणभर मलाही पटलं. हौद्यातल्या एका म्हातारीनं वाकून विचारलं, "आनि माझं किती रं बाबा?"

पुन्हा मोजायचं ठरलं. मामा चढले, थोडं पुढं गेल्यावर मामा उतरले. तोवर चढ आणखी ताठ झाला होता.

"चार," गोमटेश म्हणाला.

मी त्याच्या मांडीला चिमटा काढला. "सांग की रं पन्नास! तुझं काय जातंय?"

"आत्या, चार म्हंजे चार."

मामांनी फोन काढला आणि आपली गाडी बोलवायला निघाले. जिनेंद्र मान खाली घालून उभे. मेव्हण्यापुढं त्यांचं काही चालत नाही, आणि मामा रुसल्यावर मांडव कसला? देवाच्या दारात यायचं आणि दारातूनच परतायचं! राग तर इतका आला, की ते मीटर उपटून दरीत भिरकावावंसं वाटलं.

तेवढ्यात सोनल म्हणाली, "मामा, एकदाच चढा. ह्या खेपंला मी वाचते."

भाचीच्या शब्दाखातर मामा चढले. गाडी थोडी गेली, थांबली, मामा उतरले, गाडी पुढं सरकली. केबिनमध्ये आमचे सहाही डोळे काट्यावर. पडले फक्त दोन. मी स्वतः पाहिले.

सोनलनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मामा, चाळीस!"

गोमटेशनं तोंड उघडलं. मी डोळे मिटून घेतले. मामा धावत त्याच्या बाजूच्या खिडकीशी आले. "व्हय रं? चाळीस?"

मी हळूच डोळे उघडले. गोमटेश सोनलकडं बघत होता. तिनं खूण केली नाही, काही नाही, नुसती बघत राहिली. त्याची मान लाल झाली, कपाळावर घाम फुटला.

"बेचाळीस," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"ऐकलं का आप्पा? बेचाळीस!" मामा रस्त्यावर गरजले. आप्पांनी लांबूनच हात जोडले. मामांना इतका आनंद झाला, की देवळापर्यंत थांबायलाही तयार नव्हते. सुपारी तिथंच, घाटाच्या कडेला फुटली.

मी तोंडाला पदर लावला. आत्या आनंदानं रडतेय असं सगळ्यांना वाटलं, आणि आनंद तर होताच. पण इतकी वर्षं पोटाशी धरलेलं पोर माझ्यासाठी कधी एक डिग्रीसुद्धा हललं नव्हतं. तिच्यासाठी मात्र, तिनं न सांगता, वर दोन घालून बोललं.